मानशीची राखण

बांबोळीहून शाणूला घरी आणलं त्या दिवशी
वाड्यावर सगळे म्हणाले, "जरा बरं नव्हतं त्याला."
मीही तेच म्हटलं.
मिठाच्या राशीवर झावळ्या टाकतात
तसे ते चार शब्द टाकून ठेवले दोन दिवस.

तिसऱ्या रात्री विचारलं.
भांडी घासता घासता, पाठ त्याच्याकडे,
समोरून विचारायचं धाडस नव्हतं म्हणून.
"मरावंसं वाटतं का रे अजून?"

मला वाटायचं, हा शब्द तोंडातून सुटला
की तोच उठून त्याच्याकडे चालत जाईल.
तसं काही झालं नाही.
त्यानं खुर्ची ओढली.
"आज नाही. काल वाटलं होतं.
सकाळी, पेज खाताना."
मी नळ बंद केला.
मग तो बोलत राहिला, बाराची होडी गेली तरी.

आमच्या जुव्यावर खाजन आहे,
आणि खाजनाच्या तोंडाशी मानस.
भरतीला नदीच तिचं दार लावून घेते,
ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून उघडतं.
शाळेत मास्तरांनी शिकवलं, मानस म्हणजे मन,
तर आख्खा वर्ग हसला होता:
आमच्या मानशीत सुंगटं सापडतात, मास्तर!

बेनितोनं त्या मानशीवर वीस वर्षं एकट्यानं जाळं लावलं.
त्या आठवड्यात दारात येऊन म्हणाला,
"शाणू, माका एकट्याक जमना रे आतां."
इतकं धडधडीत खोटं मी कुणाचं ऐकलं नव्हतं.
मला पाण्याची भीती, रात्रीची भीती.
माझ्याकडे न बघताच तो म्हणाला,
"हांव आसां मगे."
आणि होता. हाताच्या अंतरावर, प्रत्येक ओहोटीला.
काय झालं, का झालं, काही विचारलं नाही,
फक्त बॅटरी नीट धर म्हणायचा.

बांध एका रात्रीत फुटत नाही, हे त्याच्याकडूनच कळलं.
कुर्ल्या आधी आतून भोकं पाडतात,
महिनोन्महिने,
आणि आपण वरून चालत असतो, चपला घालून,
कुणाच्या लग्नाबद्दल बोलत.

शाणू वर्षभर भात अर्धवट टाकून उठायचा.
मी म्हणायचे, "आळशी झालायस."

शेजारची उषावैनी म्हणाली, काय कमी होतं गो त्याला?
मावशीनं अंगारा आणला. लावू दिला मी,
पण गुरुवारची ओपीडी चुकवू दिली नाही.
कदंबची बस, खिडकीकडची जागा त्याला,
गोळ्यांची पाकिटं माझ्या पर्समध्ये.
डॉक्टरबाई म्हणाल्या, समजावू नका, ऐका.
मला समजावण्याचीच सवय.
जीभ दाताखाली धरून बसायला शिकले,
चाळिसाव्या वर्षी.

खारं पाणी शिरलेलं शेत
बांध घातल्या दिवशी गोडं होत नाही.
दोन पावसाळे धुवून जावे लागतात, कधी तीन.
तोवर कोरगूट पेरतात. जाडं, तांबडं,
खारं सोसून वर येणारं.
पीक थोडं येतं. पण येतं.

परवा भर दुपारी दुकानात फोन आला.
"ताई, आज वाईट आहे. येशील?"
गिऱ्हाईकाचे सुटे पैसे तसेच गल्ल्यावर राहिले.
होडीत उभी होते, हात थरथरत होते,
आणि आत कुठेतरी, लाज वाटावी इतका,
आनंद झाला होता:
त्यानं आधी सांगितलं.

पोचले तेव्हा तो मानशीच्या कठड्याला नव्हता,
बेनितोच्या ओसरीवर बसला होता.
दोघांच्या मध्ये सुंगटांचं पातेलं,
सोलत होते.
बेनितोनं पाट सरकवला.
मीही बसले.
शाणू म्हणाला, "अजून गेलं नाही."
"असू दे," मी म्हटलं,
आणि एक सुंगट उचललं.